आडवी पट्टी

शरयूनं सकाळी खाट फिरवली. झालं ते एवढंच. नव्या बिऱ्हाडात येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते, ट्रंका अजून दोरीत बांधलेल्या होत्या, आणि जागा मिळाली तिथं खाट टाकून मी झोपलो होतो. ही चहा घेऊन आली ती दारातच थांबली आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत मनाशी काहीतरी जुळवत राहिली. मग एकदम म्हणाली, "अगं बाई! अहो, उठा, उठा आधी. दोन राती पाय दक्षिणेकडे करून झोपून राह्यले ना तुम्ही! मले आत्ता ध्यानात आलं." मी उठेपर्यंत तिला दम कुठला! कप खिडकीत ठेवून तिनं तशा अवघडलेल्या अंगानंच माझ्यासकट खाट ओढली. खाटेचे पाय फरशीवर करकरले, छत फिरलं, डावीकडची खिडकी उजवीकडे गेली आणि मी खाटेच्या कडा धरून राहिलो. "आता झोपा पाह्यजे तेवढं," ती म्हणाली आणि हसत आत गेली. तिला काय कल्पना! डोकं कुठं आणि पाय कुठं, एवढ्यावरून तीन वर्षांपूर्वी मी एका माणसाचा जन्म मातीत घातला होता. आणि तो माणूस आज चारच्या गाडीनं मलकापूरहून येणार होता.

पोस्टकार्ड तीन दिवस सदऱ्याच्या खिशात होतं. घामानं त्याची शाई फुटली होती, तरी मला ते पाठ होतं. "वैजनाथराव, रविवारी येतो आहे. एकच गोष्ट विचारायची आहे. घाबरू नका, भांडायला येत नाही. चिंतामण." आता सांगा, घाबरू नका असं लिहिल्यावर कोण घाबरत नाही? भांडायला आला असता तर बरं होतं. भांडणाला मी तयार होतो. गेली तीन वर्षं कचेरीत फायलीवर टाचणी मारता मारता मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडतच होतो, आणि दर वेळी जिंकतही होतो. माझ्यासारखा शूर माणूस अख्ख्या बुलढाण्यात सापडणार नाही, फक्त समोर कोणी नसलं पाहिजे.

चहा तसाच थंड झाला. मी फिरवलेल्या खाटेवर पडून छताकडे बघत होतो आणि छत हळूहळू मेहकरच्या आमच्या अंगणावरचं आभाळ होत होतं. वडील तिथं शाळेत मास्तर होते. नारायणराव मास्तर म्हटलं की अर्ध्या गावाचे कान आपोआप दुखायचे. मी पाच-सहा वर्षांचा असताना त्यांनी मला सकाळी अंगणात उभं केलं होतं. "तोंड सूर्याकडे कर. हात पसर. हं, डावा हात?" "उत्तर." "उजवा?" "दक्षिण." "अन् पाठीशी?" "पश्चिम." माझे हात दुखायला लागले होते, पण खाली घ्यायची प्राज्ञा नव्हती. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एरवी ते तसं कधी करत नसत. म्हणाले, "आता कोणी तुले कुठंही नेऊन टाकलं तरी तू हरवत नाहीस." मला ते इतकं खरं वाटलं होतं की त्यानंतर कितीतरी दिवस मी अंधाऱ्या खोलीत शिरताना हात पसरून शिरायचो. आई म्हणायची, पोरगं आहे की बुजगावणं! वडिलांना हसू यायचं, पण ते मिशीत ठेवायचे.

माळावरची गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. महाराष्ट्र झाल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. कपाशीवर विमानातून औषध मारायचं निघालं आणि कचेरीतल्या कोणाला तरी जानेफळच्या माळावर तीन महिने पाठवायचं ठरलं. ज्याला नाही म्हणता येत नाही तो गेला, म्हणजे मी. मुरमाड गायरानावर उत्तर-दक्षिण लांबलचक पट्टा साफ केलेला. दोन्ही कडांना चुना लावलेले दगड. दर पावसानं चुना धुपायचा आणि दर उघडिपीला मी बादली-कुंचा घेऊन पुन्हा लावायचो. बी.ए. होऊन दगडांना चुना लावतोय म्हणून पहिले आठ दिवस मी चिडचिड केली. मग चिंतामण आला. नागपूरचा, माझ्याच वयाचा, पिवळ्या रंगाचं छोटं विमान उडवणारा. पहिल्याच संध्याकाळी त्यानं मला मांजरपाटाच्या दोन लांब पट्ट्या दिल्या आणि जमिनीवर मांडायला शिकवलं. एक उभी, वीस हात. दुसरी आडवी, बारा हात, उभीच्या एका टोकाला. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला आडवी पट्टी. वैमानिकानं उभ्या पट्टीवरून आडवीकडे तोंड करून, म्हणजे वाऱ्याच्या समोरून उतरायचं. "वारा समोरून असला तर तो छातीला हात लावून थांबवतो," चिंतामण म्हणाला, "अन् पाठीमागून असला तर ढकलतच नेतो. मग थांबणं नाही." शिवाय बांबूवर एक कापडाचा झोळा होता, दोन्हीकडून उघडा. वारा भरला की तो फुगून दिशा दाखवायचा. चौकीदार तुळशीराम त्याला पायजमा म्हणायचा. आणि मांडलेल्या पट्ट्यांना तो माणूस म्हणायचा. "वैजनाथबाबू, हा पांढरा माणूस तं झोपूनच राह्यते. उठत काऊन नाही बाप्पा?" मी हसायचो. हात पसरून उताणा पडलेला माणूस, खरंच तसंच दिसायचं. पावसाळाभर वारा दक्षिणेकडून होता, म्हणून त्याचं डोकंही दक्षिणेला, जसं कोणाचंही झोपताना असावं तसं.

मला ते काम आवडायला लागलं, हे मी कचेरीत कोणाला सांगितलं नाही. एका संध्याकाळी ढग इतके उतरले की पाचलाच अंधारून आलं आणि विमान वरच होतं. तुळशीराम आणि मी धावत सुटलो, मिळतील तेवढे कंदील गोळा केले, औषधाच्या रिकाम्या डब्यांत रॉकेलचे बोळे पेटवले आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना ओळीनं ठेवत गेलो. मग उभे राहिलो. आवाज एकदा इकडून यायचा, एकदा तिकडून. मी देवाचं नाव घेत नव्हतो, मी वारा बघत होतो, ज्योती कुठं झुकतात ते. आणि मग त्या दोन ओळींच्या मधोमध ते पिवळं विमान अलगद आलं, चाकं टेकली, माझ्यासमोरून सरसरत गेलं, आणि ज्योती त्याच्यामागे एकेक वाकून पुन्हा सरळ झाल्या. चिंतामण खाली उतरला तो सरळ माझ्याकडे आला. माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "वैजनाथराव, वरून तुमचे दिवे दिसले ना, तर आईनं दार उघडं ठेवलंय असं वाटलं. आता तुम्ही खाली जे मांडाल ते मी डोळे झाकून मानणार." असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. कचेरीत तर मी लिहिलेली तारीखसुद्धा दोघं जण तपासायचे.

त्याच श्रावणात वडील गेले. तार आली, मी निघालो, वाटेतल्या नदीवरचा बुटका फरशीपूल पाण्याखाली. अलीकडच्या काठावर सहा तास उभा होतो. पलीकडचा रस्ता दिसत होता, त्यावरून एक म्हैस निवांत चालली होती, आणि मला त्या म्हशीचा इतका राग आला की काय सांगू. पोचलो तेव्हा त्यांना खाली घेतलेलं होतं. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरं. पाऊस पुन्हा येण्याआधी उरकायचं म्हणून सगळ्यांची घाई. उकंडराव काका म्हणाले, "आता तोंड नको उघडू बाबा, बांधून झालं." मी नाही उघडलं. मोठ्यांचं ऐकायची सवय. त्या पांढऱ्या गुंडाळीत कोण आहे ते मी पाहिलंच नाही. फक्त पाय दक्षिणेकडे आहेत हे पाहिलं, आणि डोक्यात एकच घुमत राहिलं की यांना कोणीतरी फिरवा रे, एवढं फिरवलं तर उठून बसतील. तेराव्यानंतर मी माळावर परत गेलो. एका जागी बसून चिंतामण मला संत्रं सोलून देत राहिला. मी खात राहिलो.

सर्वपित्री अमावास्येला वारा फिरला. पहिलं वर्ष सरल्याशिवाय आमच्यात पक्ष करत नाहीत, म्हणून मी माळावरच होतो. मजूर मात्र सगळे घरी गेलेले. रात्री पाऊस झाला होता, सकाळी लख्ख ऊन पडलं आणि उत्तरेकडून थंडगार झुळूक यायला लागली. चिंतामण म्हणाला, "आज पट्टी उत्तरेला घ्या." मी आडवी पट्टी उचलली, वीस हात चाललो, उत्तरेच्या टोकाला मांडली, वर सहा दगड ठेवले. पायजमा पावसानं भिजून बांबूला चिकटला होता. तो सोडवायला तुळशीराम वर चढणार होता, पण आधी रॉकेल आणतो म्हणून गावात गेला. "इंजिन काल खोकलत होतं, एक चक्कर मारून येतो, अर्धा तास," असं म्हणून चिंतामण वर गेला. आवाज विरला आणि माळावर मी एकटा राहिलो, मी आणि जमिनीवरचा तो. ओल्या मुरमावर मांजरपाट असं पांढरं दिसत होतं की डोळ्यांत पाणी यावं. डोकं उत्तरेला. पाय दक्षिणेला. मी तिकडे पाठ केली. चुन्याची बादली हलवली. दूर कपाशीवरून वाफ निघत होती, टिटवी ओरडत होती, आणि पाठीला ते कापड जाणवत होतं, कोणी आपल्याकडे बघतंय असं जाणवावं तसं. मी काही वेडा नव्हतो. मला माहीत होतं, ते कापड आहे, चार आणे वारानं घेतलेलं. तरी मी उठलो. अर्धा तास आहे, मी म्हटलं. थोडा वेळ. विमानाचा आवाज आला की लगेच परत. मी सहा दगड बाजूला केले, आडवी पट्टी उचलली, वीस हात चाललो, दक्षिणेला मांडली आणि सहाही दगड आणून वर ठेवले. मग पळसाच्या झाडाखाली येऊन बसलो. आता ते नीट झोपले होते. श्रावणापासून पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला. झोप लागली नव्हती, शपथ घेऊन सांगतो. पण मी माळावरही नव्हतो. मी अंगणात हात पसरून उभा होतो आणि ते विचारत होते, डावा हात? आणि मला उत्तर येत होतं.

इंजिन बंद पडत होतं म्हणून तो लवकर आला. आवाज असा आलाच नाही. सरळ सावलीच आली. मी दोन्ही हात पसरून धावलो, नको, नको म्हणत. चौकशीत तो म्हणाला की वैजनाथराव रोजच्यासारखे हात पसरून या या म्हणत होते. चाकं टेकली, विमान थांबेना. वाऱ्यानं ते ढकलत नेलं, चुन्याचे दगड संपले तरी नेलं, आणि दक्षिणेच्या टोकाच्या नाल्यात ते नाकावर उलटलं. मग सगळं गप्प झालं. आणि आता मी काय केलं ते ऐका. नाल्याकडे धावलो नाही. आधी पट्टीकडे गेलो. सहा दगड बाजूला केले, पट्टी उचलली, वीस हात उत्तरेला चाललो, मांडली, सुरकुती काढली आणि एकेक करून सहाही दगड नीट जागच्या जागी ठेवले. नाल्यातून त्याचा आवाज येत होता. माझंच नाव होतं ते.

पुढचं कागदोपत्री झालं. दोन साहेब आले, त्यांनी होकायंत्र ठेवून दिशा बघितली. "पट्टी कोणत्या बाजूला होती?" "उत्तरेला." "सही करा." तुळशीरामनंही खरं तेच सांगितलं. त्यानं जाताना उत्तरेला पाहिली, येतानाही उत्तरेलाच. वैमानिकानं खुणेकडे दुर्लक्ष केलं असं ठरलं, आणि त्याचा परवाना गेला. डावा पाय गुडघ्यातून कायमचा ताठ झाला होता. मी दवाखान्यात गेलो होतो, संत्री घेऊन. पण फाटकापासून परत आलो, आणि ती वाटेत स्वतःच खाल्ली.

चारची गाडी घाट चढून साडेचारला आली. तो काठी टेकत उतरला. केस विरळ झाले होते, हसू तेच होतं. आम्ही रस्त्याकडे निघालो. रस्त्याच्या कडेला तो थांबला आणि म्हणाला, "गाडी येऊन राहिली का हो?" रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. एक कुत्रं तेवढं मधोमध बसलेलं होतं. मी म्हटलं, नाही. मग तो ओलांडून गेला. "मला दिसत नाही असं नाही," तो पलीकडे जाऊन म्हणाला. "पण विचारून घेतो. भावाच्या कापडाच्या दुकानात बसतो मी आता. गिऱ्हाईक म्हणतं, निळं दाखवा. मी निळं काढतो अन् भावाला विचारतो, हे निळंच ना? भाऊ चिडतो बिचारा." तो हसला. मी पण हसलो.

घरी शरयूनं चहा टाकला. चिंतामण ओसरीवर पाय लांब करून बसला. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यानं मांडीवर सरळ केला. "मंगळवारी अपिलाची शेवटची तारीख आहे. पाय असा असला तरी परवाना परत मिळू शकतो म्हणतात. अर्ज भरला आहे, सही राहिली. पण वैजनाथराव, मला वरून पट्टी दक्षिणेला दिसली होती. आजही डोळे मिटले की दक्षिणेलाच दिसते. अन् तुम्ही सगळे म्हणता उत्तरेला. तुम्ही खोटं कशाला बोलाल? ज्यानं अंधारात कंदील मांडले तो माणूस तुम्ही. म्हणजे माझेच डोळे खोटं बोलले. तसं असेल तर मी वर जाणं बरोबर नाही, कोणाचा तरी जीव जाईल. म्हणून कोर्टाबिर्टासाठी नाही, माझ्यासाठी एकदा सांगा. उत्तरेला म्हणालात की इथंच फाडतो. तुमच्यावर माझा राग नाही." त्यानं कागद दोन्ही हातांत धरला होता, फाडायला धरतात तसा.

उत्तरेला म्हणायला मला किती वेळ लागला असता? चौकशीत लागला नव्हता. नोकरीला अकरा वर्षं झाली होती, शरयूला सातवा महिना होता, नवं बिऱ्हाड होतं, आणि समोरचा माणूस स्वतःच माझं उत्तर माझ्या तोंडात घालून देत होता. मी उठलो. आत गेलो, ट्रंकेची दोरी सोडली. तळाशी वडिलांची दोन धोतरं घडी करून ठेवलेली होती. "अहो, मामंजींचे धोतरं कुठं नेऊन राह्यले?" शरयू चुलीपासून म्हणाली. मी अंगणात उतरलो. ऊन पश्चिमेला कललं होतं. एक धोतर मी उभं अंथरलं, उत्तर-दक्षिण. दुसरं दक्षिणेच्या टोकाला आडवं. कुंपणाचे सहा दगड आणून वर ठेवले. "तुम्ही पाहिलं ते असं होतं," मी म्हटलं. "ते मी केलं होतं." मग सहा दगड काढले, आडवं धोतर उचललं, उत्तरेच्या टोकाला नेलं, सुरकुती काढली आणि पुन्हा एकेक दगड ठेवला. "आणि तुम्ही नाल्यात असताना मी हे केलं." वडिलांचं सांगावं असं फार वाटत होतं. पण ते माझं होतं. त्याच्या पायाला त्याचा काय उपयोग?

चिंतामण काठी विसरून दोन पायऱ्या उतरून आला. धोतरांकडे बघत राहिला. मी मार खायला तयार होतो. "म्हणजे दिसलं होतं मला," तो म्हणाला. मग पुन्हा, हळू, "दिसलं होतं." त्याचा चेहरा असा उघडत गेला की मला बघवेना. त्यानं वर पाहिलं. खूप उंच एक पक्षी फिरत होता. "घार आहे ना ती?" असं म्हणून तो माझ्याकडे वळणार, तेवढ्यात थांबला. "घारच आहे," तो स्वतःशी म्हणाला, आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मी तिथंच धोतराच्या टोकाशी उकिडवा बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मी हाका मारत होतो, वैजनाथराव. ऐकू आल्या होत्या का?"

हे त्यानं विचारू नये एवढीच माझी तीन वर्षांची प्रार्थना होती. "पहिल्या हाकेपासून," मी म्हटलं.

तो मागे सरून ओसरीच्या पायरीवर टेकला. मागे पावलं वाजली. शरयू दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. तिच्या एका हातात दौत-टाक होता, दुसऱ्या हातात कचेरीचे कोरे कागद. तिनं ते ओसरीवर ठेवले, चिंतामणची पडलेली काठी उचलून त्याला दिली आणि चहाचा कप त्याच्यासमोर सरकवला. मी म्हटलं, "नोकरी जाईल शरयू."

"जाईल तं जाईल. लिहा." माझ्याकडे न बघता ती अंगणात उतरली आणि एका हातानं पोट सावरत धोतरांवरचे दगड उचलू लागली. "सगळं लिहा, दगडाचं बी. अन् हाका आल्या होत्या, ते पहिले लिहा."